गॅरिंचाचे गाव

धडगावच्या आसमंतात चैत्र लागला की पहाटेच्या सुमारास मोहाची फुले गळू लागतात, आणि बायका-मुले टोपल्या घेऊन झाडांखाली जमतात. ही फुले वाळवून साठवावयाची, टंचाईच्या दिवसांत शिजवून खावयाची, आणि त्यांचीच दारू गाळून लग्नात, मरणात व देवकार्यात प्रथम चार थेंब देवांच्या व पूर्वजांच्या नावे भूमीवर सोडून मगच आपल्या मुखी लावावयाची, असा अक्राणी महालातील भिल्ल-पावऱ्यांचा जुना परिपाठ. इंग्रजी अमलात १८७८ साली मुंबई इलाख्याला आबकारीचा कायदा लागू झाला, घरचे गाळप गुन्हा ठरले, मक्तेदारांची दुकाने निघाली, आणि जी वस्तू विधीच्या मर्यादेत नांदत होती ती सरकारी जमाखर्चाची एक बाब होऊन बसली. पुढे १९३८ साली तळोद्याजवळच्या मोरवडच्या गुला महाराजांनी आरतीसाठी लोटणाऱ्या आदिवासी समुदायास मद्यत्यागाचा उपदेश केला, त्यामागे ही सारी पडझड होती.

दारूने बुडालेल्या प्रतिभावंताची कथा सांगताना आपण सर्व दोष त्याच्या स्वभावावर टाकून मोकळे होतो. परंतु ज्या भूमीत तो स्वभाव घडला आणि ज्यांनी त्याच्या गुणांचा उपभोग घेतला, त्यांचाही हिशेब मांडावयास हवा, असे मला वाटते. धडगावात बसून ब्राझीलचा फुटबॉलपटू गॅरिंचा याच्याविषयी लिहावेसे वाटते ते याच कारणाने.

मॅनुएल फ्रान्सिस्को दोस सांतोस हे त्याचे खरे नाव; जन्म १९३३ चा, रिओ दि जानेरो प्रांतातील पाउ ग्रांदे नावाच्या गिरणगावात. त्याचे पूर्वज फुल्निओ या आदिवासी जमातीचे. गाव सारे अमेरिका फाब्रिल या कापडगिरणीच्या मुठीत होते: घरे गिरणीची, रोजगार गिरणीचा आणि फुटबॉलचा संघही गिरणीचाच. गिरणीत पहारेकरी असलेला बाप उसाच्या रसापासून गाळलेल्या काशासा नावाच्या दारूत बुडालेला. बहिणीने या लहानखुऱ्या पोराला 'गॅरिंचा' या चिमुकल्या रानपाखराचे नाव दिले आणि तेच जगाने उचलले. त्याचे दोन्ही पाय जन्मतः एकाच दिशेला वाकलेले होते, त्यांची लांबीही सारखी नव्हती. चौदाव्या वर्षी तो गिरणीत लागला. कामचुकारपणाबद्दल तेथून काढून टाकला गेला. पण संघाला त्याची गरज होती म्हणून पुन्हा घेतला गेला. शिस्तीला वळसा घालणे खेळाच्या जोरावर चालून जाते, हा धडा त्याला प्रथम त्याच्या मालकांनीच दिला.

१९५३ साली बोताफोगो संघाच्या चाचणीत त्याने नामांकित बचावपटू निल्टन सांतोस यास असा काही चकविला की त्या थोर गृहस्थाने, हा मुलगा आपल्याविरुद्ध खेळण्यापेक्षा आपल्या संघात बरा, असा आग्रह धरला. १९५८ च्या विश्वचषकात संघाच्या मानसतज्ज्ञाने त्याला अपात्र ठरविले होते. तरीही तिसऱ्या सामन्यात, सोव्हिएत संघाविरुद्ध, तो पेलेसह उतरला, पहिल्या तीन मिनिटांत रशियन बचाव उधळला गेला आणि चषक ब्राझीलला मिळाला. १९६२ साली चिलीत पेले जायबंदी झाल्यावर त्याने जवळजवळ एकट्याने स्पर्धा ओढून नेली: इंग्लंडविरुद्ध दोन गोल, यजमान चिलीविरुद्ध दोन गोल, आणि त्याच उपांत्य सामन्यात प्रतिस्पर्ध्याला लाथ मारल्याबद्दल हकालपट्टी. त्याला अंतिम सामन्यात खेळू द्यावे म्हणून खुद्द ब्राझीलच्या पंतप्रधानांनी रदबदली केली. तो आणि पेले एकत्र खेळले असता ब्राझील कधीही हरला नाही.

या वैभवात तो सराव चुकवून पाउ ग्रांदेला पळे, गिरणीतील जुन्या सोबत्यांबरोबर अनवाणी फुटबॉल खेळे, पाखरे मारी आणि दारू पिई. करारनाम्यांवर तो रकमेचा आकडा न पाहता सही करी, आणि संघ तो आकडा हवा तसा भरी. गुडघा झिजून सुजला तरी त्यात सुया टोचून त्याला मैदानात उतरविले जाई, कारण त्याच्या नावावर तिकिटे खपत. मला या कथेतील सर्वांत जड भाग हाच वाटतो. मद्यपान आणि बायकामुलांची हेळसांड यांचा दोष निःसंशय त्याचाच. पण त्या गुडघ्याचा दोष मी त्याच्या माथी मारू शकत नाही.

१९६६ साली हंगेरीविरुद्ध ब्राझील हरला. आंतरराष्ट्रीय सामन्यांतील त्याचा हा एकमेव पराभव आणि शेवटचा सामना. १९६९ मध्ये तो चालवीत असलेल्या मोटारीच्या अपघातात त्याची पत्नी, प्रसिद्ध गायिका एल्झा सोआरेस, हिची आई मरण पावली, आणि त्यानंतर तो अधिकच व्यसनात रुतला. १९७३ च्या निरोपाच्या सामन्याला माराकाना मैदानावर लाखाहून अधिक लोक जमले. १९८० च्या कार्निव्हलात मान्गेइरा या सांबा-पथकाच्या चित्ररथावर त्याला मिरविले गेले, तेव्हा त्याची नजर भोवतालच्या जल्लोषावर ठरत नव्हती.

२० जानेवारी १९८३ रोजी यकृताच्या विकाराने, एकोणपन्नासाव्या वर्षी, तो गेला. शव प्रथम माराकानात ठेवले आणि मग अग्निशामक दलाच्या गाडीवरून, दुतर्फा उभ्या असलेल्या लोकांतून, पाउ ग्रांदेच्या रस्त्याने गिरणगावाकडे नेले.