हँडेलचा ‘मसाया’ : एक रचना, अनेक रुची

नागपूरच्या गांधीबाग भागात, सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूला लागून असलेल्या एका घरी, ईस्टरच्या गायनाची तयारी करण्यासाठी गायनवृंदातील काही मंडळी जमली होती. आम्हीही त्यांत होतो. हँडेलच्या ‘मसाया’ या संगीतरचनेतील सुप्रसिद्ध ‘हालेलूया’ समूहगान बसवायचे, इतके ठरलेले होते. कोणते ध्वनिमुद्रण समोर ठेवायचे, एवढाच प्रश्न होता. वृंदातील ज्येष्ठ काकांनी सर थॉमस बीचम यांचे १९५९ मधील ध्वनिमुद्रण लावले. झांजा आणि ढोल अशा काही दणाणल्या की खालच्या रस्त्यावरील वाहनांचा आवाजही ऐकू येईना. त्यानंतर एका तरुण गायिकेने क्रिस्टोफर हॉगवुड यांचे १९८० चे ध्वनिमुद्रण लावले. ते इतके हलके आणि स्वच्छ होते की निम्मे रस्त्याच्या गोंगाटात बुडाले. काका म्हणाले, “हे राजांच्या राजासाठी आहे की दिवाणखान्यासाठी?” ती म्हणाली, “काका, त्या झांजा हँडेलने लिहिलेल्याच नाहीत हो.” वाद तेथे मिटला नाही. पुढील दोन सरावांना दोन जुने सभासद आलेच नाहीत. यास्तव या रचनेची थोडी सविस्तर माहिती वाचकांपुढे ठेवणे आम्हांस आवश्यक वाटले.

जॉर्ज फ्रेडरिक हँडेल हे जन्माने जर्मन, लुथरन पंथात वाढलेले आणि लंडनमध्ये स्थायिक झालेले संगीतकार. चार्ल्स जेनेन्स यांनी बायबलमधील वचने निवडून संहिता सिद्ध केली आणि हँडेल यांनी २२ ऑगस्ट ते १४ सप्टेंबर १७४१ या अवघ्या २४ दिवसांत तिला संगीत दिले. रचनेचे तीन भाग आहेत. पहिल्यात संदेष्ट्यांची, विशेषतः यशयाची, भाकिते आणि ख्रिस्तजन्म. दुसऱ्यात दुःखसहन, मरण व पुनरुत्थान. तिसऱ्यात मृतांच्या उठण्याची आशा. जुन्या करारातून मशीहाच्या आगमनाकडे येण्याची ही रीत मराठी ख्रिस्ती वाचकांना परकी वाटू नये. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली राचोल येथे छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’त पहिले पुराण जुन्या कराराचे व दुसरे ख्रिस्तचरित्राचे आहे, तेही गाऊन ऐकविण्यासाठीच रचलेले.

या रचनेविषयीचा मतभेद तिच्याइतकाच जुना आहे. सर्वांत आधी नाराज झाले ते खुद्द जेनेन्स. हँडेल यांनी घाई केली आणि याहून पुष्कळ चांगले करता आले असते, असे त्यांचे मत होते. पहिला प्रयोग १३ एप्रिल १७४२ रोजी डब्लिन येथे झाला. सुमारे ७०० श्रोते मावावेत म्हणून स्त्रियांनी घेरदार झगे आणि पुरुषांनी तलवारी घरी ठेवून याव्यात, अशी विनंती करण्यात आली होती. उत्पन्नातून कर्जापायी तुरुंगात पडलेल्या १४२ जणांची सुटका झाली व दोन रुग्णालयांना साहाय्य मिळाले. त्या प्रयोगात गायलेल्या सुझाना सिबर या नाटकातील अभिनेत्री, आणि कॅथलिक. एका गाजलेल्या खटल्यामुळे त्यांच्या नावाची बरीच नालस्ती झालेली होती. ख्रिस्ताच्या दुःखसहनाचे गीत त्यांच्या तोंडी शोभते काय, ही कुजबुज त्यांच्या गाण्याने थांबविली, असे सांगतात. लंडनमध्ये मात्र १७४३ साली नाट्यगृहात देवाचे वचन गाण्यास उघड विरोध झाला आणि हँडेल यांना जाहिरातीत ‘मसाया’ हे नावही टाळावे लागले. तेथील अनाथालयाच्या मदतीसाठी १७५० पासून होऊ लागलेल्या प्रयोगांनंतरच लंडनकरांचे मन वळले.

आता मोठा वृंद की लहान, या प्रश्नाकडे वळू. अनाथालयातील १७५४ च्या प्रयोगाचा हिशेब उपलब्ध आहे. त्यावरून वादक ३८ आणि समूहगायक सुमारे १९ होते, असे दिसते. समूहातील वरचा स्वर मुलगे गात. हँडेल यांच्या मृत्यूनंतर १७८४ साली वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीमध्ये त्यांच्या स्मरणार्थ झालेल्या समारोहात ही संख्या ५०० च्या वर गेली. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हजारो कंठ एकाच वेळी गाऊ लागले. मधल्या काळात, १७८९ मध्ये, मोझार्ट यांनी व्हिएन्नात जर्मन शब्दांसह व वाढीव वाद्यांसह नवी आवृत्ती केली. गूसेन्स यांनी बीचम यांच्यासाठी केलेली वाद्ययोजना याच वाटेवरची, पण कितीतरी पुढे गेलेली. काकांच्या झांजा तेथून आल्या. तेव्हा तरुण गायिकेचे म्हणणे तपशिलाने खरे होते.

परंतु तेवढ्याने काकांचा पराभव होत नाही. हँडेल यांनीच ही रचना कधी एका साच्यात ठेवली नाही. गायक बदलला की ते गीत बदलत. १७५० साली गुआदान्यी या गायकासाठी त्यांनी शुद्ध करणाऱ्या अग्नीचे गीत नव्याने लिहिले. आपल्याकडे वारकऱ्यांच्या फडावर म्हटला जाणारा अभंग आणि पंडित भीमसेन जोशी यांनी मैफलीत गायलेला तोच अभंग यांत खरा कोणता, असे विचारण्यासारखे हे आहे. टाळकऱ्याला मैफलीतली तान नको असते, मैफलीच्या श्रोत्याला टाळांचा गजर नको असतो; अभंग दोघांचाही असतो. ‘मूळ रूप’ हा शब्द येथे जपून वापरावा लागतो.

ध्वनिमुद्रणांविषयी आमचे मत सांगतो. सर माल्कम सार्जंट यांनी हडर्सफील्ड येथील वृंदासह केलेली मुद्रणे ज्यांनी लहानपणी ऐकली, त्यांच्या कानात तो संथ व भरदार डौल कायमचा बसला आहे. त्यांना नंतरचे काहीही घाईचे वाटते. १९६६ च्या सुमारास कॉलिन डेव्हिस आणि चार्ल्स मॅकेरस यांनी आधुनिक वाद्ये ठेवूनच वृंद लहान केला व गती वाढविली. दोन्ही पक्षांना एकत्र ऐकता येईल असे काही हवे असेल, तर आम्ही डेव्हिस यांचे नाव आधी घेऊ. हॉगवुड यांनी १७५४ ची आवृत्ती जुन्या वाद्यांसह व मुलग्यांच्या स्वरांसह सादर केली; एमा कर्कबी यांचा निष्कंप स्वर कोणाला देवदूताचा वाटतो, कोणाला कोरडा. जॉन इलियट गार्डिनर (१९८२) यांचा वृंद अधिक नाट्यमय आहे, ट्रेवर पिनॉक (१९८८) यांचा अधिक प्रसन्न. जॉन बट यांनी २००६ मध्ये डब्लिनचे पहिले रूप अगदी मोजक्या गायकांकडून गाऊन घेतले आणि एकलगायकांनाच समूहातही उभे केले. बीचम यांच्याविषयी एवढेच म्हणू, की हँडेल ऐकण्यासाठी ते मुद्रण लावू नये, पण आनंद करण्यासाठी अवश्य लावावे. आणखी एक गोष्ट मतभेदात सहसा कोणी लक्षात घेत नाही : ऐकण्याची जागा. गांधीबागेच्या बाजारपेठेतील खोलीत, लहानशा यंत्रावर, नाजूक मुद्रणाला न्याय मिळत नाही. तेच आम्ही रात्री, रहदारी थांबल्यावर पुन्हा ऐकले, तेव्हा काकाही काही वेळ गप्प बसले.

उपासनेच्या दृष्टीने दोन-तीन गोष्टी सांगणे भाग आहे. ‘मसाया’ ही ख्रिस्तयागासाठी लिहिलेली रचना नाही. ऑरेटोरिओ या प्रकाराचे नावच मुळी रोममधील संत फिलिप नेरी यांच्या प्रार्थनागृहावरून पडले आहे, जेथे भाविक मिस्साव्यतिरिक्त एकत्र जमून भक्तिगीते ऐकत. ‘हालेलूया’ समूहगान नाताळात सर्वत्र ऐकू येत असले, तरी ते दुसऱ्या भागाच्या शेवटी, प्रकटीकरण ग्रंथातील वचनांवर बेतलेले आहे. म्हणून ईस्टरला ते अधिक शोभते. राखेच्या बुधवारापासून ईस्टरच्या जागरणविधीपर्यंत आपल्या उपासनेत आलेलूया गायिला जात नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. गंमत अशी की डब्लिनमधला तो पहिला प्रयोग तेथील पंचांगाप्रमाणे पवित्र आठवड्यातील मंगळवारी झाला होता! सभागृहात ते चालले. मंदिरात आपण थांबावे. सरावाला अर्थातच हरकत नाही. राजे दुसरे जॉर्ज हे समूहगान ऐकून उठून उभे राहिले, म्हणून सर्वांनी उभे राहावे, असेही सांगितले जाते. पण राजे त्या प्रयोगाला हजर होते याचा समकालीन पुरावा मिळत नाही. ज्यांना उभे राहावेसे वाटते त्यांनी राहावे, बसलेल्यांकडे रागाने पाहू नये.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मधील पवित्र उपासनेविषयीच्या दस्तऐवजात पवित्र संगीताचा ठेवा जपावा व गायनवृंदांना उत्तेजन द्यावे असे सांगितले, आणि त्याच दस्तऐवजात मिशन प्रदेशांतील लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला योग्य स्थान द्यावे असेही सांगितले. तेव्हा इंग्रजी ‘हालेलूया’साठी मराठी गीतांचा सराव मागे पडू लागला, तर धर्मगुरूंनी वृंदाला थांबविणे रास्तच ठरेल.

लहान वृंदांसाठी १७५४ चा तो हिशेब फार धीर देणारा आहे. हँडेल यांना १९ समूहगायक पुरले, तर आपल्या १४ जणांनी शेकडोंच्या आवाजाची नक्कल करीत घसा कशाला फोडावा? जुन्या वाद्यांची पट्टी आजच्यापेक्षा सुमारे अर्धा स्वर खाली असे. समूहगानाच्या उत्तरार्धात सोप्रानोंना एकेक पायरी वर चढत लांब स्वर धरावे लागतात. तेथे हा अर्धा स्वर फार मोठा दिलासा देतो. कीबोर्डवर पट्टी खाली घेणे हे एका बटणाचे काम आहे.

आमच्या वृंदाने तेच केले. पट्टी अर्धा स्वर उतरविली, गती डेव्हिस यांच्या जवळची ठेवली आणि कीबोर्डवरील झांजा बंद केल्या. काकांनी बास गायकांत उभे राहण्याचे मान्य केले. अखेरच्या विरामानंतरचे शेवटचे स्वर मात्र आपल्या संथ गतीने घ्यावेत, एवढी अट घातली, आणि ती गायिकेने लगेच मान्य केली. सराव सोडून गेलेल्या दोघांपैकी एक सभासद परत आले आहेत. दुसऱ्यांच्या घरी काका पुढच्या रविवारी जाणार आहेत.