अकरा महिन्यांचा करार आला कुठून?

आजच्या भागाची सुरुवात आमच्या घरातल्या एका भांडणापासून करतो.

आमचा डोंबिवलीत एक छोटा वन बीएचके आहे. बाबांनी कर्ज काढून घेतला आणि चार वर्षं रिकामा ठेवला. हप्ता चालू, मेंटेनन्स चालू, भाडं शून्य. मी विचारलं की बाबा, द्या ना भाड्याने. तर उत्तर ठरलेलं, "एकदा आत घुसला की निघत नाही रे." बरं, हे म्हणणारा माणूस वाढला कुठे? गिरगावातल्या चाळीत, पागडीच्या खोलीत. तिथून आजोबांना कुणीही काढू शकलं नाही आणि आजी आजही तिथेच राहते. म्हणजे जो स्वतः न निघणाऱ्या भाडेकरूचा मुलगा, तोच न निघणाऱ्या भाडेकरूला घाबरतोय.

ही भीती आली कुठून, ते आज बघू. कारण तुम्ही घर भाड्याने देत असाल, तर करारातल्या जवळजवळ प्रत्येक ओळीमागे मुंबईचा शंभर वर्षांचा इतिहास आहे. तो कळला की काय करायचं आणि काय नाही, ते वेगळं सांगावं लागत नाही.

पहिलं महायुद्ध. मुंबईत माणसं येतायत, बांधकामं थंडावलेली, भाडी वर चाललेली. १९१८ मध्ये भाड्यावर नियंत्रण आणणारा कायदा आला. युद्धकाळापुरता, तात्पुरता. दुसऱ्या महायुद्धात तेच पुन्हा झालं. मग आला १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा, तो १३ फेब्रुवारी १९४८ पासून लागू झाला. त्यात एक तारीख होती, १ सप्टेंबर १९४०. त्या दिवशी जागेचं जे भाडं होतं, ते साधारणपणे तिचं 'प्रमाण भाडं'. मालकाला त्याहून जास्त मागता येणार नाही आणि कायद्यात दिलेल्या कारणांशिवाय भाडेकरूला काढता येणार नाही.

त्या वेळी हे बरोबरच होतं. फाळणीनंतर निर्वासित येत होते, गिरणगावात एकेका खोलीत दहा-दहा माणसं राहत होती. अशा वेळी मालकाला मोकळं सोडलं असतं तर अर्धं शहर रस्त्यावर आलं असतं.

घोटाळा पुढे झाला. हाही कायदा तात्पुरताच होता. पण मुदत संपत आली की वाढवायची, असं करत पन्नास वर्षं गेली. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे ओळखीचं आहे. 'सध्यापुरतं' म्हणून लिहिलेला कोड काढायची हिंमत नंतर कुणाचीच होत नाही, कारण तोवर त्यावर दहा गोष्टी उभ्या राहिलेल्या असतात.

इथे काय काय उभं राहिलं? पहिली गोष्ट पागडी. भाडं गोठलेलं, पण जागेची किंमत वाढतेय, मग तो फरक टेबलाखालून फिरायला लागला. खोली सोडताना भाडेकरू रोख रक्कम घेणार आणि त्यातला साधारण तिसरा हिस्सा मालकाला देणार. कायद्याने हा गुन्हा होता, पण व्यवहार मात्र सर्रास चालायचा.

दुसरी गोष्ट, पडक्या इमारती. महिन्याला पन्नास रुपये भाडं घेणारा मालक गच्ची कशी दुरुस्त करणार? त्याने हात वर केले. शेवटी १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा आला, इमारतींवर उपकर बसला आणि दुरुस्ती सरकारी मंडळाकडे गेली. या उपकरप्राप्त इमारतींचे गट पाडले, त्यातला पहिला गट कोणता? १ सप्टेंबर १९४० पूर्वी बांधलेल्या इमारती. तीच तारीख! आजीच्या चाळीच्या जिन्याला टेकू लागलेत, त्यांचा धागा त्या एका दिवसापर्यंत जातो.

तिसरी गोष्ट म्हणजे 'लिव्ह अँड लायसन्स'. मालकांनी डोकं चालवलं. भाडेकरूला संरक्षण आहे ना, मग भाडेकरू ठेवायचाच नाही. त्याला म्हणायचं लायसेन्सी, म्हणजे फक्त राहायची परवानगी, जागेत हक्क काही नाही. हे जोरात चाललं. आणि मग १९७३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली की १ फेब्रुवारी १९७३ रोजी ज्यांचं लायसन्स चालू होतं, ते सगळे भाडेकरू समजले जातील. काल परवानगीवर राहणारा माणूस आज कायमचा झाला.

बाबांची भीती इथली आहे. पुन्हा एखादं १९७३ आलं तर? म्हणून कित्येकांनी घरं कुलूप लावून ठेवली, आणि दिलीच तर अकरा महिन्यांवर. अकराच का? तर नोंदणी कायद्यानुसार एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. अकरा महिने म्हणजे नोंदणी नाही, खर्च नाही, कागद कपाटात.

मग कोर्टाचा दणका बसला. डिसेंबर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की भाडं असं गोठवून ठेवणं आता वाजवी राहिलेलं नाही. पुढे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. जुन्या भाड्यात वर्षाला चार टक्के वाढ मिळाली (पन्नास रुपयांचे चार टक्के म्हणजे दोन रुपये, हसू नका). पागडीचा व्यवहार कायदेशीर झाला. आणि आपल्या कामाची दोन कलमं आली.

कलम २४. लायसन्सची मुदत संपली की लायसेन्सीने घर सोडायचं. नाही सोडलं तर मालकाने सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, आणि राहील तितक्या काळासाठी दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. लेखी करारात जे लिहिलंय तो निर्णायक पुरावा. म्हणजे बाबा ज्याला घाबरत होते, त्यावरचा उपाय २००० सालापासून कायद्यात होता. फक्त कागद पक्का हवा.

कलम ५५. करार लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा. मुदत अकरा महिने असो की तीन. नोंदणीची जबाबदारी मालकाची, भाडेकरूची नाही. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि वाद झाला तर करारातल्या अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते खरं धरलं जाईल, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत.

म्हणजे अकरा महिन्यांचं मूळ कारणच संपलं. तरी आपण अकराच लिहितो, सवय म्हणून.

आता आमचं भांडण. शेवटी बाबांनी घर दिलं, पण नोटरी केलेल्या कागदावर. "नोटरी आहे ना, पुरे." दोन वर्षांनी ते कुटुंब निघालं तेव्हा डिपॉझिटवरून वाद झाला. बाबा म्हणतात चाळीस हजार, ते गृहस्थ म्हणतात साठ. कागदावर चाळीस. बाबा पेटले, "खोटं बोलतोय, बघतो त्याला." आईने हिशोबाची जुनी वही काढली. दुसऱ्या वर्षी, नूतनीकरणाच्या वेळी, वीस हजार रोख. आईचंच अक्षर. पावती दिलीच नव्हती.

बाबा दोन दिवस बोलले नाहीत. मग स्वतः जाऊन साठ हजार देऊन आले.

कायदा भाडेकरूचं म्हणणं आधी का धरतो, ते मला त्या दिवशी कळलं. कागद ज्याच्या हातात, किल्ली ज्याच्या हातात, त्यानेच पुरावा ठेवायचा. तो नसेल तर संशयाचा फायदा समोरच्याला.

तर मालक मंडळींनो, करार दरवेळी नोंदवा, नूतनीकरणालासुद्धा. पंधरा हजार भाडं आणि साठ हजार डिपॉझिट असेल, तर अकरा महिन्यांच्या करारावर पाव टक्का दराने मुद्रांक शुल्क पाचशेच्या आत-बाहेर होतं. शहरात नोंदणी फी हजार रुपये. ऑनलाइन होतं, अंगठा घरी बसून देता येतो. दोन-तीन वर्षं राहणारं कुटुंब असेल तर सरळ तेवढ्या मुदतीचा करार करा, साठ महिन्यांपर्यंत हाच दर आहे. डिपॉझिट आणि भाडं बँकेतून घ्या, रोख घेतलं तर पावती द्या. किल्ली देताना पंखे, गिझर, भिंती यांचे फोटो दोघांनी मिळून काढा. पोलिसांकडे माहिती नोंदवा. सोसायटी बिनभोगवटा शुल्क मागेल, ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही.

आणि कितीही वाद झाला तरी पाणी, वीज तोडू नका. भाडेकरूचा अत्यावश्यक पुरवठा तोडायला कलम २९ ची बंदी आहे. पण कलम नसतं तरी, घरात लहान मूल असताना नळ बंद करणारा माणूस आपल्याला व्हायचंय का?

गेल्या महिन्यात नवीन करार झाला. आजीला सांगितलं. ती म्हणाली, "आमच्या मालकाने पावती कधी चुकवली नाही हो, दर महिन्याला." कपाटातून तिने पावत्यांचा गठ्ठा काढून दाखवला. दोरीने बांधलेला, कडा पिवळ्या पडलेल्या. तिचं घर त्या गठ्ठ्यावर उभं आहे.

पुढच्या भागात बीडीडी चाळींबद्दल बोलू. तोवर, आपापल्या पावत्या शोधून ठेवा.