रॉक बँडांचें उत्तरायुष्य

कीर्ति ही मोठी चंचल आहे, असें आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलों आहों. परंतु ती जातांना काय घेऊन जाते व मागें काय ठेवते, ह्याचा हिशेब फारसा कोणी मांडीत नाहीं. असा हिशेब मांडून पाहण्यास सध्यांच्या काळांत रॉक बँडांइतका सोयीचा विषय क्वचितच मिळेल. इ. स. १९६४ च्या ९ फेब्रुवारीस बीटल्स ह्या चार इंग्रज तरुणांचा कार्यक्रम अमेरिकेंत टेलिव्हिजनवर झाला, तेव्हां तो सुमारें सात कोटि तीस लक्ष माणसांनीं पाहिला. ज्यांनीं तो लहानपणीं पाहिला, तीं आज आजोबा-आजी झालीं आहेत. आमच्या इकडेही ज्या वडील माणसांनीं कॉलेजांत असतांना ह्या गाण्यांच्या तबकड्या हौसेनें जमविल्या, त्यांच्या नातवंडांच्या कानांवर तीं गाणीं अजून पडतात; पण तीं कोणाचीं, हें त्या नातवंडांस सांगतां येईलच असें नाहीं. मग आणखी दोनशें वर्षांनीं काय उरेल? भविष्य वर्तविण्याचा आमचा अधिकार नाहीं. तथापि मागें काय घडलें हें पाहून पुढें काय घडण्याचा संभव आहे, एवढें बोलण्यास इतिहासाच्या वाचकास हरकत नसावी.

रॉक बँड म्हणजे काय, हें प्रथम सांगितलेलें बरें. विजेवर चालणारीं एकदोन गिटार, खर्जाचें एक गिटार, ड्रम व एकदोन गळे, एवढाच त्याचा संसार. तीनचार जिवलग मित्रांनीं एकत्र यावयाचें, गाणीं बहुधा आपणच रचावयाचीं व आपणच वाजवून गावयाचीं, ही त्याची रीत. १९५५ च्या आगेमागें अमेरिकेंत ‘रॉक अँड रोल’ हें नांव सर्वांच्या तोंडीं बसलें. परंतु ह्या संगीताचें मूळ त्या देशांतील कृष्णवर्णीयांच्या ‘ब्लूज’ गायनांत आहे. आमच्या जुन्या नाटकमंडळ्यांप्रमाणेंच ह्या संस्थाही स्नेहानें जमतात व भांडणानें फुटतात. बीटल्सची इंग्लंडांतील पहिली गाजलेली मुद्रिका १९६२ सालीं निघाली व १९७० सालीं मंडळी फुटली. जगभर ज्यांचा डंका वाजला, त्यांची उणीपुरी आठ वर्षांची ही कारकीर्द!

अशाच एका नामांकित मंडळीचें पुढें काय झालें, तें पाहूं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेंत एडविन ख्रिस्टी ह्याची ‘ख्रिस्टीज मिन्स्ट्रेल्स’ ही गाणाऱ्यांची मंडळी फार गाजत होती. हे गोरे लोक तोंडास काळें फांसून गुलामांचें सोंग आणीत व त्यांच्या बोलीची नक्कल करून गात. आज हा प्रकार लाजिरवाणा मानला जातो. त्या काळीं न्यूयॉर्कमध्यें त्यांचे खेळ वर्षानुवर्षें चालत. ह्या ख्रिस्टीस स्टीफन फॉस्टर नांवाच्या तरुण गीतकारानें १८५१ सालीं ‘ओल्ड फोक्स ॲट होम’ हें गीत दिलें, आणि पैसे घेऊन त्यावर कर्ता म्हणून ख्रिस्टीचेंच नांव छापूं दिलें. पुढल्याच वर्षीं फॉस्टरला पश्चात्ताप झाला व त्यानें आपलें नांव परत मागितलें. ख्रिस्टीनें तें दिलें नाहीं. १८६४ सालीं फॉस्टर वयाच्या सदतिसाव्या वर्षीं न्यूयॉर्कमध्यें वारला, तेव्हां त्याच्या पाकिटांत अडतीस सेंट सांपडले. आतां काळानें केलेला निवाडा पाहा. ख्रिस्टीची मंडळी लोकांच्या स्मरणांतून पार गेली. तिचें नांव आतां बहुधा फॉस्टरच्या चरित्रांत, तेंही ह्या व्यवहाराच्या निमित्तानें, वाचावयास मिळतें. गीत मात्र १९३५ सालीं फ्लॉरिडा राज्याचें अधिकृत गीत झालें, व त्यांतील अवमानकारक शब्द २००८ सालीं बदलून तें अद्याप गाइलें जातें. रंगमंचावरचा दिमाख मंडळीबरोबर संपला. सामान्य माणसाच्या गळ्यांत जें उतरलें होतें, तेवढें उरलें.

ह्यावर कोणी म्हणेल, ‘तेव्हां ध्वनिमुद्रण नव्हतें; आतां प्रत्येक सूर साठवून ठेविलेला आहे, मग विस्मृतीचें भय कशाला?’ हा आक्षेप वरवर बिनतोड दिसतो. परंतु जपून ठेवणें निराळें व आठवण राखणें निराळें. जर्मन संगीतकार बाख हा १७५० सालीं वारला. त्याचें ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ हें थोर गीतकाव्य कागदावर सुरक्षित होतें. तरी त्याच्या पश्चात् तें बहुतेक अडगळींत पडल्यासारखेंच होतें. वीस वर्षांच्या मेंडेल्सझोननें १८२९ च्या ११ मार्चला बर्लिनमध्यें तें पुनः लोकांसमोर आणलें, तेव्हां कोठें त्याच्या कीर्तीचा नवा काळ सुरू झाला. कोठारांत धान्य भरलेलें असलें, तरी तें कोणी तरी पेरल्याशिवाय पीक येत नाहीं. ध्वनिमुद्रणांचीं आजचीं कोठारें तर इतकीं अफाट आहेत कीं, त्यांत शोधणाऱ्यानें काय शोधावें हें त्यास आधीं कोणी सांगितलेलें असावें लागतें.

येथें आणखी एक भेद ध्यानांत घ्यावयास हवा. बाखची कृति कागदावरून कोणाही वादकवृंदास वाजवितां येते. रॉक बँडाची कृति म्हणजे पुष्कळदां तें विवक्षित ध्वनिमुद्रणच होय. बीटल्सनीं १९६६ च्या ऑगस्टांत सान फ्रान्सिस्को येथें आपला शेवटचा तिकिटाचा जलसा केला. पुढल्या वर्षींचा त्यांचा ‘सार्जंट पेपर’ हा संग्रह त्यांनीं स्टुडिओंत थरावर थर चढवून घडविला, आणि तो त्यांनीं स्वतः रंगमंचावर कधींच सादर केला नाहीं. उलट १९६५ सालचें ‘येस्टरडे’ हें गीत एकट्या पॉल मॅकार्टनीनें गिटारवर गाइलें असून, साथीला चार तंतुवाद्यें आहेत. इतर तिघांपैकीं एकाचाही त्यांत सूर नाहीं. तें कोणीही, कोठेंही, एखाद्या साध्या वाद्यावर गाऊं शकतो. आमचा तर्क असा कीं, पहिल्या प्रकारचीं गाणीं अभ्यासकांच्या स्मरणांत व दुसऱ्या प्रकारचीं सामान्य लोकांच्या स्मरणांत राहतील. आणि गंमत अशी कीं, बँडाच्या नांवानें जें गीत सर्वांत दूरवर पोंचलें त्यांपैकीं एक, बँडांतील एकाच माणसाचें आहे.

एका माणसाकडे झुकण्याची ही लोकस्मृतीची खोड क्वीन ह्या बँडाच्या बाबतींत अधिक स्पष्ट दिसते. आणि त्याचा एक धागा आमच्या सह्याद्रीपर्यंत येऊन पोंचतो. झांझिबार येथें एका पारशी कुटुंबांत १९४६ सालीं जन्मलेला फरोख बुलसारा हा मुलगा पांचगणीच्या सेंट पीटर्स शाळेंत शिकावयास होता, व तेथेंच ‘हेक्टिक्स’ ह्या शाळकरी बँडांत तो पियानो वाजवूं लागला. पुढें लंडनमध्यें १९७० सालीं क्वीन हा बँड निघाला, त्यांतील फ्रेडी मर्क्युरी तो हाच. ह्या बँडांतील चौघेही गीतें रचीत आणि चौघांचींही गीतें जगभर गाजलीं. परंतु १९९१ सालीं मर्क्युरी वारल्यावर जगाच्या दृष्टीनें क्वीन म्हणजे मर्क्युरी असें समीकरण ठरून गेलें. त्याच्या दोघां सोबत्यांनीं इतर गायकांस घेऊन त्याच नांवानें पुढेंही कार्यक्रम केले. लोक मोठ्या संख्येनें गेलेही. पण २०१८ सालीं त्या बँडावर चित्रपट निघाला, तेव्हां तो मुख्यतः मर्क्युरीचीच कथा सांगणारा निघाला.

आणि तरीही काळाचा न्याय किती वांकडा असतो तो पाहा! १९७७ सालचें ‘वुई विल रॉक यू’ हें क्वीनचें गीत मर्क्युरीचें नव्हे. तें गिटार वाजविणाऱ्या ब्रायन मे ह्याचें आहे. त्याचा ठेका म्हणजे दोनदां पाय आपटावयाचे व एकदां टाळी वाजवावयाची. ह्यास वाद्य नको, तालीम नको, वाचतां येण्याचीही गरज नाहीं. खेळाच्या मैदानांवर हजारों माणसें हा ठेका धरतात, आणि त्यांतील कित्येकांस तो कोणी रचला हें ठाऊक नसतें. दोनशें वर्षांनीं क्वीन हें नांव पुसून गेलें, तरी हा ठेका लोकगीताप्रमाणें चालूं राहिला तर आम्हांस नवल वाटणार नाहीं. कर्त्याचें नांव गळून पडणें हा कीर्तीचा नाश म्हणावा कीं तिची परमावधि म्हणावी, हें ज्यानें त्यानें ठरवावें.

पुढच्यांसाठीं काय राखून ठेवावें, असा प्रश्न प्रत्यक्ष निर्णय करण्यासाठीं एकदां पुढें आला होता. १९७७ सालीं अमेरिकेनें व्हॉयेजर नांवाचीं दोन यानें अवकाशांत सोडलीं, तेव्हां त्यांवर सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकड्या बसविल्या व त्यांत पृथ्वीवरील सुमारें नव्वद मिनिटांचें संगीत भरलें. सत्तावीस कृतींमध्यें रॉक अँड रोलची एकच आहे. आणि ती कोणत्याही नामांकित बँडाची नसून चक बेरी ह्या कृष्णवर्णी गायकाची, १९५८ सालची आहे. निवड करणाऱ्यांनीं शाखांऐवजीं मूळ पाठविलें, असें आम्हांस वाटतें. त्याच तबकडीवर आमच्या गोव्यांतील केरी गांवीं जन्मलेल्या सूरश्री केसरबाई केरकर ह्यांची भैरवी आहे. व्हॉयेजर-१ निघालें ५ सप्टेंबरला. केसरबाई निवर्तल्या १६ सप्टेंबरला. त्यांचा स्वर आज सूर्यमालेच्या ग्रहांपलीकडे प्रवास करीत आहे, आणि आमच्या किती घरांत तो ऐकूं येतो, हा प्रश्न आम्ही आमच्यासकट सर्वांनाच विचारतों.

एवढ्यावर हा विषय संपला असता, तर काळ जें करील तें पाहत बसावें, असें म्हणून लेखणी ठेवतां आली असती. पण स्मृतीच्या ह्या व्यवहारांत अन्यायही होतो, आणि तो करणारा सर्वस्वीं काळ नसतो. पुष्कळदां आपणच असतों. ‘सार्जंट पेपर’ संग्रहांत जॉर्ज हॅरिसनचें ‘विदिन यू विदाउट यू’ हें गीत आहे. त्यांतील दिलरुबा, तंबोरा व तबला वाजविणारे लंडनमध्यें राहणारे हिंदी कलावंत होते. त्या संग्रहाच्या वेष्टनावर कितीतरी प्रसिद्ध पुरुषांचीं चित्रें आहेत. ह्या वादकांचीं मात्र नांवेंही नाहींत. अण्णा जोशी, अमृत गज्जर, बुद्धदेव कंसारा व नटवर सोनी हीं तीं नांवें पन्नास वर्षांनंतर, २०१७ सालीं, लिव्हरपूल विद्यापीठांतील संशोधनामुळें लोकांसमोर आलीं. १९६६ सालच्या संग्रहावर तबलावादक अनिल भागवत ह्यांचें नांव छापलेलें होतें, म्हणजे छापणें अशक्य होतें असें नव्हे. मूळच्या ब्लूज गायकांचीही तीच कथा. लेड झेपेलिन ह्या बँडाच्या १९६९ सालच्या एका प्रसिद्ध गीतांत आपल्या गीताचा अंश आहे, म्हणून विली डिक्सन ह्या वृद्ध गीतकारास १९८५ सालीं दावा लावावा लागला. १९८७ सालीं तडजोड झाली व पुढें त्याचें नांव कर्त्यांमध्यें आलें. फॉस्टरनें जें पत्रानें मागितलें व त्यास मिळालें नाहीं, तें डिक्सनला न्यायालयाची पायरी चढून मिळालें. सव्वाशेंहून अधिक वर्षांत एवढी प्रगति झाली, असें म्हणावयाचें!

सारांश, आमचा अंदाज असा आहे. आज प्रसिद्ध असलेल्या शेंकडों बँडांपैकीं दोनशें वर्षांनीं सामान्य माणसास एखाददुसऱ्याचेंच नांव ठाऊक असेल. तें बहुधा बीटल्सचें असेल. कांहीं चाली आपल्या कर्त्यांस मागें टाकून पुढें जातील. कपडे, केस, आरोळ्या, भांडणें हें सारें विद्वानांच्या टीपांत जाईल. ह्यांत दुःख मानण्याचें कारण नाहीं. जुन्या पिढीची हौस नव्या पिढीनें जशीच्या तशी वाहावी, असा आग्रह कोणी धरूं नये. परंतु जें पुढें जाईल, तें खऱ्या नांवानिशीं जावें, एवढी काळजी वाहणें आपल्या हातीं आहे. गाणें मुलांच्या कानांवर आपोआप पडेल. तें कोणीं रचिलें, कोणाकडून घेतलें, व मागें बसून तंबोरा कोणीं छेडला, हें मात्र सांगितल्यावांचून त्यांस कळणार नाहीं. चाल स्वतःच्या पायांनीं चालते. नांवास मात्र कोणी तरी हात धरून पुढें न्यावें लागतें.