सेल्बोर्नचे घर आणि आठ जोडपी

घरे जपली जातात ती बहुधा राजांची, नाही तर सेनापतींची. इंग्लंडातील हँपशायर परगण्यात सेल्बोर्न नावाच्या खेड्यात मात्र एका साध्या धर्मोपदेशकाचे घर जपलेले आहे. त्याने लढाई मारली नाही की राज्य चालविले नाही. त्याने पाहिले व पाहिलेले टिपून ठेवले. एवढाच त्याचा पराक्रम!

गिल्बर्ट व्हाइट (१७२०–१७९३) हे त्याचे नाव; ‘द वेक्स’ हे घराचे. १७५१ पासून तो बागेची टिपणे ठेवू लागला. घोड्याच्या लिदीच्या उबेवर तो खरबुजे पिकवी. दगडी पुतळा परवडेना, म्हणून फळ्यांवर रंगविलेला हर्क्युलिस त्याने बागेत उभा केला. दिसायला जवळजवळ सारखे असे तीन वटवटे पक्षी निव्वळ आवाजावरून त्याने निरनिराळे ठरविले. त्याचा सेल्बोर्नच्या निसर्गेतिहासाचा ग्रंथ १७८९ साली निघाला.

पुढे घराचे धनी बदलले, बांधकामे वाढली. १९५५ साली ते संग्रहालय म्हणून लोकांना खुले झाले. बागही व्हाइटच्या काळाला धरून पुन्हा सजविली गेली. तो फळ्यांचा हर्क्युलिसही नव्याने उभा राहिला. तेथे जाणाऱ्यास अठरावे शतक डोळ्यांपुढे दिसते.

पण श्रोतेहो, या घराची खरी कसोटी छपराखाली आहे. स्विफ्ट हा आपल्या पाकोळीच्या कुळातला पक्षी. गावात दरसाल त्याची आठच जोडपी असतात, असे व्हाइटने मोजून लिहिले. त्यांतली निम्मी चर्चमध्ये राहत, बाकीची गरिबांच्या गवती झोपड्यांत. पाखराला वैभव नको होते, फट हवी होती.

आज तीच फट दुर्मिळ झाली आहे. १९९५ नंतर ब्रिटनमधील स्विफ्टांची संख्या निम्म्याहून खाली आली व २०२१ साली हा पक्षी तेथील धोक्याच्या लाल यादीत गेला. जुन्या इमारती दुरुस्त करताना भोके बुजविली जातात, हे त्याचे एक कारण मानले जाते. म्हणजे ज्या काळजीने आपण घर वाचवितो, तीच काळजी त्यातल्या बिऱ्हाडकरूला बाहेर काढते!

यावर तोडगाही निघाला आहे. भिंतीत पोकळ विटा बसवितात आणि पाखरांना घर मिळते. वास्तूचा जीर्णोद्धार म्हणजे केवळ दगडचुन्याचा उद्धार नव्हे; तिथे कोण कोण राहत होते, याची मोजदाद हाही इतिहासच आहे.