मुंबईच्या गोदीतली बोट आणि तळाचे प्राणी

१८८१ साली मुंबईच्या गोदीत ‘इन्व्हेस्टिगेटर’ ही लाकडी आगबोट बांधून झाली. तिला नेमून दिलेले काम रूक्ष होते : हिंदुस्थानच्या किनाऱ्यांचे नकाशे करायचे आणि पाण्याची खोली मोजायची. तळाचे प्राणी गोळा करायचे ते या मोजणीतून सवड मिळेल तेव्हा.

खोल पाण्यात काही जगत नाही, ही समजूत तेव्हा नुकतीच मोडली होती. ३०० वावांखाली (वाव म्हणजे सहा फूट) जीवसृष्टी नसावी, असे एडवर्ड फोर्ब्ज या ब्रिटिश निसर्गअभ्यासकाने १८४०च्या दशकात मांडले होते. १८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ जहाजाने ते साफ खोटे ठरवले. मात्र हे जहाज दक्षिणेकडून निघून गेले. अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर त्याच्या वाटेत आलेच नाहीत. आपल्या दाराशी असलेला तळ कोरा राहिला, तो या मोजणीच्या बोटीसाठी.

१८८८ मध्ये तिच्यावर डॉक्टर आणि निसर्गअभ्यासक अशा दुहेरी नेमणुकीवर अल्फ्रेड अल्कॉक आला. कोवळ्या वयात वायनाडच्या कॉफीमळ्यांत नशीब काढायला आलेला, ते न जमल्याने कलकत्त्यात कारकुनी केलेला आणि मग मायदेशी जाऊन डॉक्टर झालेला हा माणूस. मला तो याच आडवाटेमुळे जवळचा वाटतो.

बोटीच्या जाळ्यात काय काय आले! पावसाळ्यात कुंडीखाली सापडणारा, हात लावताच गोळी होणारा किडा आठवा. त्याचा वीतभर लांबीचा, चौदा पायांचा समुद्री भाऊबंद १८७९ मध्ये मेक्सिकोच्या आखातातल्या नमुन्यावरून जगाला कळला होता. तोच ‘बॅथिनोमस’ ‘इन्व्हेस्टिगेटर’ला बंगालच्या उपसागरात मिळाला. म्हणजे पृथ्वीच्या पार दुसऱ्या अंगाला! त्रावणकोरच्या किनाऱ्यापुढे ४३० वावांवरून विजेचा धक्का देणाऱ्या माशांच्या कुळातले एक पाकट आले, डोळे जवळजवळ नाहीसे झालेले. आणि आपल्या बोंबलाचा एक खोलपाण्यातला चुलतभाऊही. १८९१ मध्ये अल्कॉकने त्याला ‘हार्पाडॉन स्क्वामोसस’ म्हटले, म्हणजे खवलेवाला बोंबील. ताटातल्या बोंबलाचे नातेवाईक काळोखात राहतात, हे कोकणात किती जणांना ठाऊक असेल?

नावांची वाटणी मात्र पाहण्यासारखी आहे. कप्तान कार्पेंटरचे नाव एका शेवंडीसारख्या प्राण्याला मिळाले, हॉस्किनचे एका माशाला. जाळे वर यायला तासन्‌तास लागत. त्या दोरावर राबलेले खलाशी या लॅटिन यादीत मला भेटलेले नाहीत. नमुने कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये गेले. १८९२ पासून त्यांच्या चित्रांचे संच प्रसिद्ध होऊ लागले. एकेक काटा, एकेक मिशी मोजून काढलेली ती चित्रे संशोधक आजही उघडतात. त्यांवर चित्रकारांची नावे आहेत : ए. सी. चौधरी आणि एस. सी. मंडल.