पोर्ट ऑफ स्पेनच्या आधी

११ मार्च १९७१. सकाळची वेळ. तुम्ही शिरूर तालुक्यातल्या न्हावऱ्यात पारावर बसला आहात. ज्वारी बहुतेकांची काढून झाली आहे, एखाददुसऱ्या खळ्यावर मळणी अजून चालू आहे. समोरच्या भिंतीवर इंदिराबाईंच्या काँग्रेसचं चिन्ह, गाय-वासरू, रंगवलं आहे. लोकसभेची मतमोजणी कालपासून सुरू झाली आहे, त्यामुळे एका ट्रान्झिस्टरभोवती दहा-बारा डोकी जमली आहेत. कोण कुठे आघाडीवर, इंदिराबाईंच्या जागा किती, याच्याशिवाय दुसरं बोलणं नाही. मध्येच कुणीतरी खुंटी फिरवतो, खरखर वाढते, चारजण त्याच्यावर ओरडतात.

निकालांच्या गर्दीत क्रिकेटची बातमी येते. पोर्ट ऑफ स्पेनच्या कसोटीत भारतानं वेस्ट इंडीजला सात गडी राखून हरवलं. वेस्ट इंडीजविरुद्ध भारत आजवर एकही कसोटी जिंकला नव्हता. समोर सोबर्सचा संघ, मैदान त्यांचं. आपल्याकडून सरदेसाईच्या ११२ धावा, आणि पहिलीच कसोटी खेळणाऱ्या गावसकरच्या ६५ आणि नाबाद ६७.

"ह्यो गावसकर कोन रं?" धोतराचा सोगा सावरत एक म्हातारबा विचारतात.

"मुंबईचा हाय आबा. कालपरवापत्तुर कॉलेजात व्हता म्हनं."

आबा मान डोलावतात आणि पुन्हा मतमोजणीकडे वळतात. तुम्ही मात्र पन्नासहून जास्त वर्षं पुढून आला आहात. हा मुलगा या एकाच मालिकेत चार कसोटींत ७७४ धावा करणार, हे पारावर फक्त तुम्हाला ठाऊक आहे. तरी आबांचा प्रश्न रास्त आहे. कोण हा, आला कुठून? त्याचं उत्तर पुढे सापडत नाही. मागे जावं लागतं.

तेव्हा आधी काही महिनेच मागे या. १९७० चा हिवाळा. पूर्वेला इनामगावच्या रस्त्यानं गेलात तर घोड नदीच्या काठी डेक्कन कॉलेजची माणसं खड्ड्यांत उकिडवी बसलेली दिसतील. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी यांचं हे उत्खनन १९६८ पासून चालू आहे. तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरं, चुली, रांजण ते ब्रशनं उघडे करताहेत. थोडा वेळ थांबून बघाच, इतकं जवळ असून न बघता जाऊ नये. मग मात्र उलट दिशेला, तळेगाव ढमढेऱ्यावरून शिक्रापूरला जाऊन नगर रस्त्याची एसटी धरा. राज्यातली पहिली एसटी याच रस्त्यानं, पुणे ते नगर, १ जून १९४८ ला धावली होती.

पुण्या-मुंबईच्या कॉलेजांत या दिवसांत जिमखान्याच्या फळ्यापुढे घोळका असतो. ट्रायलला बोलावलेल्यांची नावं, मग निवडलेल्या अकराजणांची, खाली राखीव गड्यांची. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत जो चमकतो त्याला विद्यापीठाच्या संघात बोलावणं येतं, आणि विद्यापीठाचा संघ जातो रोहिंटन बारिया करंडकासाठी. मुंबईच्या बारिया कुटुंबानं आपल्या मुलाच्या नावानं तो १९३५ साली दिला. देशभरची विद्यापीठं त्यासाठी झुंजतात. त्यातूनच पुढे भारतीय विद्यापीठांचा एकत्र संघ निवडला जातो, आणि परदेशी पाहुणे आले की त्यांच्यासमोर उभा केला जातो. प्रॅक्टिकल, हजेरी, तिमाही परीक्षा हे सगळं सांभाळून मुलं यात उतरतात. माझ्या मते भारतीय क्रिकेटची खरी तालीम कॉलेजांच्या या हंगामात झाली, आणि १९७१ चं श्रेय वाटताना आपण त्याला फार थोडं दिलं.

आता स्कोअररच्या टेबलामागे उभे राहा. मुंबई विद्यापीठाची फलंदाजी चालू आहे. खेळपट्टीवर सेंट झेवियर्सचा एकवीस वर्षांचा ठेंगणा मुलगा आहे. डोक्यावर हेल्मेट नाही, तो काळ यायला अजून अवकाश आहे. बॅट सरळ खाली येते, चेंडू तिच्या मधोमध लागतो आणि पायाशी पडतो. पुढचाही तसाच. त्याच्या पुढचा किंचित आखूड, आणि हात दिसायच्या आत तो सीमेकडे गेलेला असतो. स्कोअरर वहीत टिंब, टिंब, चार असं लिहितो. मुलाच्या नावापुढची ओळ केव्हाच भरली आहे, आकडे खाली, मग बाजूच्या कोऱ्या जागेत उतरले आहेत. पेन्सिलीचं टोक बोथट झालंय, पण षटक संपल्याशिवाय तासायला सवड नाही. दोनशे होतात. तीनशे होतात. मुलगा कपाळावरचा घाम बाहीनं पुसतो आणि पुन्हा लेग स्टंपचा गार्ड तपासतो, जणू आत्ताच आला आहे.

३२४ हा आकडा इथे जपून ठेवलेला आहे. या स्पर्धेतला तो विक्रम मुंबईच्याच एका विद्यार्थ्यानं, अजित वाडेकरनं, काही वर्षांपूर्वी केलेला. गावसकर तो ओलांडतो आणि ३२७ वर थांबतो. स्कोअरर बेरीज एकदा करतो, मनाची खात्री होईना म्हणून दुसऱ्यांदा करतो.

आणि आता हे ध्यानात घ्या: लवकरच, जानेवारी १९७१ मध्ये, निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट आपलं निर्णायक मत तेव्हाचे कर्णधार पतौडी यांच्याऐवजी वाडेकरच्या पारड्यात टाकतील. वाडेकर कर्णधार होईल, आणि त्याच्याच संघात त्याचा विक्रम मोडणारा मुलगा असेल. बोटाला जंतुसंसर्ग झाल्यानं गावसकर किंग्स्टनची पहिली कसोटी खेळू शकणार नाही. पोर्ट ऑफ स्पेनला येईल तेव्हा मात्र कुणी त्याला नवखा म्हणू शकणार नाही. दिवसभर उभं राहायची सवय त्याला कॉलेजातच लागलेली आहे.

अमेरिकेत कॉलेजच्या बेसबॉलला मोठं स्थान आहे. पहिली अजिंक्यपद स्पर्धा १९४७ साली कॅलामझूला झाली, अंतिम फेरीत कॅलिफोर्नियानं येलला हरवलं आणि येलच्या संघात पहिल्या बेसवर उभे असलेले जॉर्ज बुश पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. १९५० पासून ती ओमाहा शहरात भरते, जत्रेसारखी गर्दी लोटते. आपल्या बारिया करंडकाची तितकी आठवण आपण ठेवली नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणखी दहा वर्षं मागे. १९६०-६१ चा मोसम, गाव पुणे. फझल महमूदच्या नेतृत्वाखाली पाकिस्तानचा संघ दौऱ्यावर आला आहे आणि त्यांच्याशी भारतीय विद्यापीठांचा संघ खेळतो आहे. तुम्ही न्हावऱ्याहून शिदोरी बांधून आला आहात, भाकरी आणि ठेचा. शेजारचा विद्यार्थी कुतूहलानं विचारतो, "काका, कुठून?" तुम्ही शिरूर तालुका म्हणता, तो अर्धी भाकरी आनंदानं घेतो आणि मैदानावरच्या मुलाकडे बोट दाखवतो. "हा सरदेसाई. मडगावचा."

मडगाव अजून पोर्तुगीजांच्या ताब्यात आहे, गोवा मोकळा व्हायला १९६१ चा डिसेंबर उजाडावा लागेल. दिलीप सतरा वर्षांचा असताना सरदेसाई कुटुंब मुंबईला आलं, तो विल्सन कॉलेजात गेला, आणि तिथे मन्या नाईक यांनी त्याला हेरलं. गेल्याच मोसमात त्यानं बारिया करंडकात ४३५ धावा काढल्या, सरासरी ८७. आज त्याचा पहिलाच प्रथम दर्जाचा सामना आहे. तीन तासांहून जास्त वेळ, १९४ मिनिटं, तो पाकिस्तानसमोर उभा राहतो. तुमच्या डोक्यावर ऊन चढतं, फडक्यातली भाकरी संपते, तो तिथेच असतो. बाद होतो तेव्हा धावा बरोबर ८७.

शेजारचा मुलगा हळहळतो, शतक हुकलं म्हणून. त्याला सांगावंसं वाटतं की दहा वर्षं थांब. किंग्स्टनला २१२, पोर्ट ऑफ स्पेनला ११२, बार्बाडोसला १५०, मालिकेत ६४२. १९७१ च्या दौऱ्यावर सगळेच कॉलेजच्या वाटेनं गेले असं मात्र नाही. एकनाथ सोलकर हिंदू जिमखान्याचं मैदान राखणाऱ्याचा मुलगा, आणि पोर्ट ऑफ स्पेनला सरदेसाईबरोबर त्यानं काढलेल्या ५५ धावा तितक्याच मोलाच्या. वाटा दोनच होत्या असंही नाही. पण न्हावऱ्यासारख्या गावातल्या पोराला, ज्याच्या घराशेजारी जिमखाना नाही, कॉलेजचा फळा हीच गाठता येण्यासारखी वाट होती. आजही पुणे जिल्हा विभागाच्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यांना गावागावांतून मुलं एसटीनं येतात, ती याच वाटेनं.

आता शेवटचा मुक्काम. पन्नासचं दशक उतरणीला लागलंय, मुंबई, बेस्टची बस. एल्फिन्स्टन कॉलेजकडे निघालेली. दोन विद्यार्थी बसले आहेत. एक बाळू गुप्ते, कला शाखेचा, दोन वर्षं पुढे, कॉलेजच्या संघातला लेगस्पिनर. दुसरा विज्ञान शाखेचा अजित वाडेकर. वडिलांच्या मनात त्यानं गणित चांगलं करून इंजिनिअर व्हावं असं आहे, आणि त्याच्या मांडीवर वह्या आहेत.

गुप्ते त्याला विचारतो, आमच्या संघात बारावा गडी होशील का? अकराजण आहेत, पाणी-चहा मैदानात न्यायला कुणी नाही. दिवसाचे तीन रुपये मिळतील.

त्या काळी विद्यार्थ्याला तीन रुपये म्हणजे थोडे नव्हेत. वाडेकर हिशेब करतो, हो म्हणतो, आणि बस थांबल्यावर गुप्तेच्या मागोमाग उतरतो. तुम्हीही उतरा. तहानेच्या वेळी ट्रे घेऊन मैदानात जाणारा बारावा गडी बघायला मिळेल. आणि एक दिवस अकरातला कुणी येणार नाही, म्हणून त्याला पॅड बांधायला सांगतील, तोवर तिथेच थांबा.