नागासाकीचे ताट आणि वसईचा संत

जपानमधील नागासाकी शहरात एखाद्या चांगल्या भोजनगृहात दुपारी जेवायला बसावे. पादत्राणे दाराशी उतरवून गवती चटईवर बैठक मारली की समोर लाखेचे तबक येते. त्यात भाताची वाटी, झाकण ठेवलेले ऊन सार, थोडे लोणचे आणि कोळंबीचे व भाज्यांचे हलके तळलेले तुकडे असतात. या तळणाला तेम्पुरा म्हणतात. आपल्या भज्यांचा हा दूरचा नातलग. पण त्याचे नाव मूळचे जपानी नाही.

बहुतेक अभ्यासकांच्या मते हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. काही जण तो ‘तेम्पेरो’ म्हणजे मसाला या शब्दावरून आला असे मानतात, तर काही ‘तेम्पोरास’वरून. ख्रिस्तसभेत वर्षातून चार वेळा बुधवार, शुक्रवार व शनिवार असे उपवासाचे दिवस पाळीत. त्यांना तेम्पोरास म्हणत. त्या दिवशी मांस वर्ज्य असल्याने मासळी खाल्ली जाई.

या ताटाचा आपल्या किनाऱ्याशी संबंध आहे. १५४८ साली गोव्यात अंजिरो या जपानी गृहस्थाचा बाप्तिस्मा झाला. त्याला बरोबर घेऊन संत फ्रान्सिस झेवियर गोव्याहून निघाले आणि १५ ऑगस्ट १५४९ रोजी कागोशिमाला उतरले. त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला गोव्यातील आपल्या बंधूंना लिहिलेल्या पत्रात त्यांनी जपानी आहाराची आवर्जून नोंद केली. हे लोक बेताने जेवतात; भात, भाज्या व क्वचित मासे खातात, आणि तरीही निरोगी व दीर्घायुषी असतात, असा त्याचा आशय आहे.

पुढे गोव्यात राहून गेलेले येशूसंघीय लुईस फ्रोइस यांनी १५८५ साली युरोपीय व जपानी चालीरीतींची तुलना लिहिली. आम्ही हाताने जेवतो, जपानी मात्र बालपणापासून दोन काड्यांनी, असे त्यांचे निरीक्षण होते. त्या काळी युरोपीयही आपल्यासारखेच हाताने जेवत, हे वाचून आपल्याला गंमत वाटेल!

परंतु प्रश्न केवळ काड्यांचा नव्हता. परक्या देशात सुवार्ता नेणाऱ्याने तिथले ताट स्वीकारावे की नाही? मिशनचे प्रमुख फ्रान्सिस्को काब्राल यांना जपानी रीती मान्य नव्हत्या. १५७९ साली आलेल्या आलेसांद्रो व्हालिन्यानो यांनी मात्र १५८१ मध्ये नियमच घालून दिले. स्वच्छता आणि जेवण्याची पद्धत जपानी असावी, प्रत्येक मठात चहापानाची खोली असावी, असे त्यांनी ठरवले. चहापूर्वीचे साधे जेवण हीच पुढे कैसेकी या नावाने नावाजलेली भोजनपद्धती झाली. चहाचे थोर आचार्य सेन नो रिक्यू यांच्या प्रमुख शिष्यांत ताकायामा उकोन हे ख्रिस्ती सरदार गणले जातात. १६१४ साली ते श्रद्धेपायी हद्दपार झाले व पुढच्या वर्षी मनिलात वारले. २०१७ साली त्यांना धन्यवादित घोषित करण्यात आले.

आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सियाही याच भूमीत वावरले. ते जपानी उत्तम बोलत. १५९३ साली फ्रान्सिस्कन धर्मबंधू व दुभाषी म्हणून ते मनिलाहून तेथे परतले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी तोयोतोमी हिदेयोशीच्या हुकमाने नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर मरण आले. त्यांत गोन्सालो होते, तसेच ओसाकाच्या फ्रान्सिस्कन मठातील स्वयंपाकी योआकिम साकाकिबाराही होते. वसईचा दुभाषी आणि ओसाकाचा आचारी एकाच दिवशी रक्तसाक्षी झाले.

१६१४ मध्ये श्रद्धेवर देशभर बंदी आली, १६३९ मध्ये पोर्तुगीजांची जहाजेही बंद झाली. तेम्पुरा मात्र उघडपणे लोकांच्या ताटात राहिला. श्रद्धा घरांत लपून राहिली आणि १७ मार्च १८६५ रोजी नागासाकीच्या ओउरा मंदिरात फादर पेतिजाँ यांच्यासमोर प्रकट झाली. दोनशेहून अधिक वर्षे तिला धर्मगुरू नव्हता. आईबापांनीच ती मुलांच्या हाती दिली होती.

तेव्हा त्या तबकापुढे बसताना, काड्या उचलण्यापूर्वी क्षणभर हात जोडावेत. एका आचाऱ्याची आणि एका वसईकराची आठवण करावी, आणि मग जेवावे.